कायोट, कायोटी आणि रॉडनीचं गेट

पहिलं भांडण झालं ते उच्चारावरून. आमच्या गावच्या धान्य-सोसायटीच्या दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांमागे एक गोल टेबल आहे. तिथे रोज सकाळी सहा-सात म्हातारे कागदी पेल्यातून कॉफी पितात आणि सबंध गावाचा निकाल लावतात. मी तिथे जात नाही. मी शाळेत बीजगणित शिकवतो, आणि सकाळी माझ्यासारख्या माणसाला काम असतं. पण तो शनिवार होता. मी सरळ आत गेलो आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "कायोटीची शिकार नव्यानं सुरू करायची असेल तर काय काय लागतं?"

टेबलावरच्या सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणालास, नॉर्ब?" असं विचारणारा एल्डन फायफर. हा माझा शेजारी. चाळीस वर्षं घरोघरी गॅसच्या टाक्या भरत फिरला. आता निवृत्त झालाय आणि घरोघरी अक्कल भरत फिरतो.

"कायोटी," मी म्हणालो.

"कायोट."

"दोन्ही बरोबर आहे, एल्डन. शब्दकोशात—"

"शब्दकोशातला मारायचा असेल तर कायोटी म्हण. आपल्या रानातला मारायचा असेल तर कायोट. कायोटी म्हणणारे लोक त्याचे फोटो काढतात."

सगळं टेबल हसलं. एक जण तर टोपी काढून हसला. मी नेब्रास्कात, ह्याच गावात जन्मलो. माझे आजोबा इथल्याच मातीत पुरलेले आहेत. पण माझी आई शाळामास्तरीण होती, आणि आमच्या घरात शब्दाचं शेवटचं अक्षर खाणं हा ताटात उष्टं टाकण्याइतकाच मोठा गुन्हा होता. त्याची शिक्षा मी चोपन्नाव्या वर्षी, खताच्या दुकानात, भोगत होतो. रागानं माझे कान तापले आणि मी काहीही न घेता बाहेर पडलो, मग गाडीपर्यंत जाऊन परत आलो, कारण कोंबड्यांचं खाद्य न्यायचं होतं.

कोंबड्या लव्हॉनच्या. लव्हॉन माझी बायको. ऑगस्टमध्ये नऊ कोंबड्या होत्या, ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीन उरल्या. बाकीच्या सहा कायोटनं नेल्या. ज्यांच्या परसात हा प्राणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किडकिडीत आणि दोघांपेक्षा निर्लज्ज. हा तर भरदिवसा यायचा. एकदा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यावर ओरडलो, तर कोंबडी तोंडात धरून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकवणीच्या तासाला मी उशिरा आलोय.

सहावी कोंबडी गेली त्या संध्याकाळी, म्हणजे त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी, लव्हॉन भांडी पुसत होती. "आता बर्निस गेली ना, की मीही जाते," ती म्हणाली. बर्निस म्हणजे तिची लाडकी ठिपक्यांची कोंबडी. "लिंकनला, डार्लीनकडे. तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जागा रिकामी होतेय."

"कोंबडीसाठी तू नवरा सोडून बहिणीकडे जाणार?"

"तू पण ये की. तिथेही लोक असतात. त्यांच्यावर ओरड."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. लव्हॉन कधी आवाज चढवत नाही; आमच्या घरात तो विभाग माझ्याकडे आहे. आणि मग तिनं वर असंही सांगितलं की, ती एल्डनला विचारणार आहे, कारण त्याच्याकडे रायफल आहे.

"रायफल माझ्याकडेही आहे! बाबांची! तळघरात!"

"तुझ्याकडे रायफल आहे, नॉर्बर्ट. त्याला ती चालवता येते."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तिनं लिंकनचा मजलासुद्धा सांगितला होता. ज्या माणसाला नुसती धमकी द्यायची असते तो मजल्यापर्यंत जात नाही. लव्हॉनशिवाय त्या घरात मी एकटा बसून पेपर तपासतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण माझं यंत्र असं आहे की आत भीती टाकली की बाहेर राग पडतो. मी टेबलावर मूठ आपटली आणि जाहीर केलं की ह्या कायोटीला मी मारीन, मी स्वतः, आणि एल्डनला ह्यात नाक खुपसायची गरज नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी जिल्हा कचेरीत गेलो. काम नियमानं करायचं, ही माझी सवय. खिडकीत मार्लिस होती. आठवीत माझ्या वर्गात पहिली यायची.

"कायोटीच्या शिकारीचा परवाना हवाय," मी म्हणालो.

"कायोटला परवाना लागत नाही, सर."

"मग तसं लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"की परवाना लागत नाही म्हणून."

"लागत नाही त्याचा कागद नसतो, सर. लागतो त्याचा असतो."

"उद्या कोणी अडवलं तर मी काय दाखवू?"

"काहीच नाही. तेच दाखवायचं."

मी तिला समजावून सांगितलं की अभाव सिद्ध करायलाही पुरावा लागतो. तिनं ऐकून घेतलं, कारण मुलगी हुशार आहे. पण हुशार असल्यामुळेच तिनं भिंतीवरचा नकाशा ओढून माझ्यापुढे पसरला. आमचं घर गावाच्या अगदी टोकाचं. एका अंगाला शाळेचं फुटबॉलचं मैदान, मागे रॉडनी श्मालेचं गुरांचं रान. मार्लिसनं त्यावर बोट फिरवलं आणि मला कळलं की गावाची हद्द माझ्या मागच्या पायरीवर संपते. म्हणजे स्वयंपाकघर गावात, कोंबड्यांचं खुराडं गावाबाहेर.

"गावात बंदूक चालवायला बंदी आहे, सर. पायरीवरून झाडलीत तर दंड."

"मग मी खुराड्यापाशी उभा राहतो."

"राहा की. पण तिथून गोळी सुटली की ती रॉडनीच्या रानात जाणार. त्याला रॉडनीची परवानगी हवी."

"त्याचा तरी कागद असतो का?"

"नाही, सर. तिथे जाऊन पाय खाऊन यायचा असतो."

पाय म्हणजे आपला गोडाचा पाय, फळं भरून भाजलेला. आमच्याकडे रानात शिरायची परवानगी मागायची ती स्वयंपाकघरात बसून. आधी हवामान, मग मक्याची कापणी, मग कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि हे सगळं झाल्यावर दाराकडे जाता जाता, सहज आठवल्यासारखं, मूळ काम. हे मला ठाऊक होतं. पण अडचण वेगळी होती. रॉडनी श्मालेला मी बीजगणितात नापास केलं होतं. दोनदा. तिसऱ्यांदा तो पास झाला तो मीच कंटाळलो म्हणून. गेली एकोणतीस वर्षं मी ह्या गावात पोरं नापास करतोय, आणि एखाद्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाकडे रान मागायला जावं लागेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

रॉडनी आता चाळिशीचा, दारात मावणार नाही एवढा. त्याच्या बायकोनं मला रूबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, पायचा तुकडा वाढला, मग दुसरा वाढला. आंबट मला चालत नाही, पण मी खाल्लं. हवामान झालं. मका झाला. गुडघा झाला. मी उठलो आणि दाराची मूठ धरून म्हणालो, "हां, रॉडनी, एक होतं—"

"सर," तो म्हणाला, "त्याच्याआधी माझं एक होतं. चोवीस वर्षं विचारीन म्हणतोय. तो क्ष. तो नक्की काय असतो?"

"क्ष ही अज्ञात संख्या असते."

"ते तुम्ही तेव्हाही सांगायचात. पण तुम्हाला तर माहीत असायची ना? मग पोरांना छळायचं कशाला?"

त्याची बायको सिंककडे तोंड करून हसत होती; तिचे खांदे मला दिसत होते. पायचे दोन तुकडे पोटात असताना माणसाला उलट बोलता येत नाही. मी म्हणालो, "मला तुझ्या रानात कायोटी मारायचाय."

"कायोट," रॉडनी म्हणाला. "मारा की, सर. चार मारा. उद्या रात्री मी निघतोय सासऱ्याच्या मक्याच्या कापणीला, शुक्रवारपर्यंत नाही. तुम्ही बिनधास्त जा. फक्त जे काय जसं असेल तसं ठेवा म्हणजे झालं."

"मी ह्याच गावात जन्मलोय, रॉडनी," मी जरा कडकच म्हणालो.

घरी आलो तर एल्डन माझ्या पायरीवर, गावाच्या हद्दीच्या आत, बसलेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. लव्हॉननंही नाही, असं ती म्हणाली, पण कॉफी तिनंच दिली होती.

"पहिली गोष्ट," एल्डन म्हणाला. "साबण बंद."

"म्हणजे?"

"कायोटला दोन मैलांवरून वास येतो. साबण नाही, अत्तर नाही, धुतलेले कपडे नाहीत. कपडे एका पोत्यात घाल, त्यात माती टाक, देवदाराची पानं टाक. दुसरी गोष्ट, वारा तोंडावर हवा. तिसरी, हलायचं नाही. नाकावर डास बसला तर तो त्याचा डास."

"ऑक्टोबरमध्ये डास नसतात."

"मग तुला सोपं जाईल."

चौथी गोष्ट म्हणून त्यानं खिशातून लाकडाची एक बोटभर शिट्टी काढून दिली. फुंकली की जखमी सशासारखी केकाटते. कायोटला वाटतं, आयतं जेवण आहे, आणि तो येतो. एल्डननं फुंकली तेव्हा खरोखर एक ससा माझ्या परसात मेला असं वाटलं. मी फुंकली तेव्हा जुन्या सायकलला ब्रेक लागला.

मी सराव केला. जे करायचं ते नीट करायचं. त्या संध्याकाळी नळाखाली, तळघरात, गाडीत काचा वर करून मी केकाटलो. त्याचा परिणाम झाला नाही असं नाही. एक बशी फुटली, पलीकडच्या गल्लीतली तीन मांजरं आमच्या कुंपणावर येऊन बसली, आणि उरलेल्या तिन्ही कोंबड्यांनी धसक्यानं अंडी देणं बंद केलं. लव्हॉन कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन त्यांना काहीतरी समजावत बसली होती. मला समजवायला कोणी आलं नाही.

आणि साबण. एक दिवस बिनसाबणाचा गेला तर शाळेत पहिल्या बाकावरचे विद्यार्थी आपणहून तिसऱ्या बाकावर गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या टेबलावर साबणाची एक कोरी वडी ठेवली. चिठ्ठी नाही, काही नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला अनेक पत्रं आली, पण असं अपमानास्पद पत्र एकही नव्हतं. तरी मी ती वडी खिशात घातली नाही, कारण खिशाला वास लागला असता.

बुधवारी उजाडायच्या सुमारास मी बाबांची रायफल घेऊन रॉडनीच्या रानात गेलो. वारा तोंडावर घेतला. एका टेकाडाच्या पोटाला, वाळक्या गवतात पाठ टेकून बसलो. समोर उतरण, त्यापलीकडे पवनचक्की आणि गुरांच्या पाण्याची पत्र्याची टाकी. सूर्य येत होता. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. मी शिट्टी काढली आणि फुंकली.

आला. पण कायोट नव्हे, गाय. मग दुसरी. मग रॉडनीचा सगळा कळप, चाळीसच्या वर काळ्या गाई, कोण केकाटतंय ते पाहायला उतरणीवरून धावत आल्या आणि माझ्याभोवती अर्धगोल करून उभ्या राहिल्या. मी हलू शकत नव्हतो. मी ओठ न हलवता "जा" म्हणालो. त्या आणखी एक पाऊल पुढे आल्या. माझ्या वर्गात कधीही इतकं लक्ष देऊन कोणी माझं ऐकलं नाही, हे मला तेव्हाही जाणवलं. मग एकीनं रायफलची नळी चाटली.

आणि त्या गाईंच्या पायांमधून मला तो दिसला. समोरच्या दुसऱ्या टेकाडावर, साठ-सत्तर पावलांवर, कायोट बसलेला. बसून बघत होता. अगदी पुरेसं बघून झाल्यावर तो उठला, अंग झटकलं आणि निघून गेला.

मी उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. गाईंनी मात्र ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मी टोपी काढून त्यांना हाकलायला सुरुवात केली. रानाच्या मधोमध एक तारेचं कुंपण होतं आणि त्याचं गेट सताड उघडं, गवतात लोळत पडलेलं. मी सगळा कळप त्या गेटातून पलीकडे, माझ्या परसाला लागून असलेल्या अर्ध्या रानात, घातला आणि गेट लावलं.

आता इथे मला अगदी स्पष्ट बोललं पाहिजे, कारण गावात ह्याच्या बऱ्याच आवृत्त्या फिरत आहेत. दुसऱ्याच्या रानातलं गेट जसं सापडेल तसं ठेवायचं, हा नियम मला माहीत नव्हता असं मुळीच नाही. तो इथे दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतो. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. पण मी रॉडनीला शाळेपासून ओळखतो. रॉडनीनं चार वर्षांत एकदाही वर्गाचं दार आपल्यामागे लावून घेतलं नव्हतं. "श्माले, दार!" हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की ते माझ्या पगारात धरायला हवं होतं. ते उघडं गेट पाहून मला नियम आठवला नाही, रॉडनी आठवला. आणि ते तारेचं गेट लावणं म्हणजे काय ते ज्यानं लावलंय त्यालाच कळेल: खांद्यानं खांब रेटायचा, गुडघ्यानं दाबायचा आणि मग वरचं तारेचं कडं अडकवायचं. माझी विजार फाटली, तळहात सोलला. पण मी ते लावलं आणि मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "श्माले, दार!" मग समाधानानं शाळेत गेलो.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा त्याच जागी. आता गाईंची कटकट नव्हती. त्या कुंपणापलीकडे एका रांगेत उभ्या राहून हंबरत होत्या. अखंड. मी सशाची शिट्टी फुंकायचो आणि त्या चाळीसजणी उत्तर द्यायच्या. कायोट आला नाही. त्या गोंगाटात कोण येणार? शेवटी मी उठून त्यांच्याकडे वळलो आणि वर्गात म्हणतो तसं म्हणालो, "आता एकही आवाज नकोय मला." त्यांनी ऐकलं नाही. मला वाटलं, रॉडनीच्याच गाई.

शुक्रवारी होमकमिंग होतं. म्हणजे आमच्या शाळेचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना, ज्याला परगावी गेलेली माजी मुलंसुद्धा येतात. दुपारी मैदानावर सगळं गाव जमलं होतं, चारशे माणसं तरी असतील. चर्चच्या बायकांनी एका कडेला टेबलं मांडली होती. लव्हॉन तिथे कोलाची, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, विकत होती. सामन्याआधी मुलींमधून राणी निवडायची आणि तिला मुकुट घालायचा हा मान सगळ्यात जुन्या शिक्षकाचा असतो. त्यामुळे मी काळ्या कोटात, मैदानाच्या मधोमध, हातात पत्र्याचा चमचमता मुकुट घेऊन उभा होतो. कोटाच्या कॉलरला छोटा माईक लावलेला. खास त्या दिवसापुरती मी साबणानं अंघोळही केली होती. गवत हिरवं राहावं म्हणून मैदानाच्या टोकाला पाण्याचे फवारे चालू ठेवले होते.

"मित्रहो," मी म्हणालो, आणि वाजंत्री थांबली, आणि तेवढ्यात माझ्या घराच्या बाजूनं काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज आला.

रॉडनीचा सगळा कळप माझ्या परसातून आला. मागचं कुंपण पाडून, भोपळ्याचा वेल तुडवून, खुराड्याची जाळी ओढत. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. वाजंत्रीतला मोठा भोंगा वाजवणारा मुलगा भोंगा टाकून पळाला. राण्या किंचाळल्या. गाई मात्र सरळ मैदान ओलांडून फवाऱ्यांकडे गेल्या आणि तोंड वर करून पाणी पिऊ लागल्या. ओल्या गवतावर जीभ फिरवू लागल्या. तेव्हा मला पवनचक्की आठवली, आणि पत्र्याची टाकी, आणि ती गेटच्या कोणत्या बाजूला होती ते.

रॉडनी गर्दीतून चालत आला. तासाभरापूर्वीच परगावाहून परतला होता. बुटांना अजून मक्याची धूळ होती. त्यानं गाईंकडे पाहिलं, मग लोकांकडे वळून विचारलं, "गेट कोणी लावलं?"

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. लोक खाली बघू लागले. मी हात वर केला. वर्गात मी हेच शिकवतो, ज्यानं केलं त्यानं हात वर करावा. माझा मुकुटाचा हात वर गेला आणि ऊन पडून मुकुट चमकला.

"सर?" रॉडनी म्हणाला. "तुम्ही?"

"ते उघडं होतं."

"उघडं ठेवलेलं होतं, सर. पाणी गेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. दोन दिवस झाले, सर."

"मला वाटलं, तू विसरलास. तू वर्गाचं दारसुद्धा—"

हे सगळं माईकमधून चारशे लोकांना ऐकू जात होतं. "शंभर वेळा लिहायला लावा त्यांना!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि तो आवाज मी ओळखला, तोही नापास होता. सबंध मैदान हसलं. एल्डन पोट धरून हसला. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काळं झालं. रॉडनीचा नव्हे, कारण त्याचं सगळं बरोबर होतं. तो बरोबर होता ह्याचाच राग. माझ्या एका शहाणपणापायी मुकी जनावरं दोन दिवस तहानेनं ओरडत होती, आणि मी त्यांना गप्प बसवत होतो. मला लाज वाटली. ती मी कोणाला दाखवणार नव्हतो.

आणि तेव्हा मला तो दिसला. माझ्या मोडलेल्या खुराड्याकडून, मैदानाच्या कडेकडेनं, भरदिवसा, चारशे माणसांच्या देखत, आरामात चालत येणारा कायोट. तोंडात काळी-पांढरी, पंख फडफडवणारी बर्निस.

रायफल तळघरात होती. वारा पाठीमागून होता. अंगाला साबणाचा वास येत होता. मी धावत सुटलो. एल्डननं सांगितलेलं सगळं मी एकदम मोडलं. काळा कोट, सोललेल्या तळहातात मुकुट, आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो कोणास ठाऊक. गाई बाजूला झाल्या. कायोटनं मान वळवली, मला पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या निर्लज्ज तोंडावर थोडी काळजी दिसली. तो पळू लागला. मी ओल्या गवतावर घसरलो, उठलो, पुन्हा घसरलो, आणि गुडघ्यांवर असतानाच माझ्या हातात जे होतं ते सगळ्या ताकदीनं फेकलं. मुकुट गरगरत गेला आणि त्याच्या कानामागे बसला. त्यानं तोंड उघडलं. बर्निस खाली पडली, आणि तो कुंपणाखालून निघून गेला.

मी तिला उचललं. जिवंत होती, एका पंखाला दातांच्या खुणा होत्या. मी मागे वळलो तर सगळं मैदान हसत होतं, टाळ्या वाजवत होतं, काही बायका तर डोळे पुसत होत्या. मला काही कळेना. घसरून पडलेल्या माणसाला इतकं काय हसायचं? रॉडनीनं पुढे येऊन टोपी काढली. "सर," तो म्हणाला, "गाईंचं आपण नंतर बघू. तुम्ही आधी घरी जा." मी म्हणालो की कुंपण मी स्वतः बांधून देईन. तो म्हणाला, नको, आणखी काही लावू नका. मी पुन्हा भडकलो. लव्हॉन टेबलामागून आली, माझ्या हातातून कोंबडी घेतली आणि पुढे चालू लागली.

घरी स्वयंपाकघरात तिनं बर्निसला कपड्यांच्या टोपलीत ठेवलं, पंख धुतला, मलम लावलं. दुसऱ्या दोन्ही कोंबड्या सिंकखाली सापडल्या. मी खुर्चीवर बसून गुडघ्यावरचा चिखल बघत होतो. लव्हॉन फोनकडे गेली. "डार्लीन," ती म्हणाली, "ती जागा दुसऱ्या कोणाला दे. नाही, नक्की. अगं, सांगते मग सावकाश." तिनं फोन ठेवला.

"कोंबडी वाचली म्हणून?" मी विचारलं. आवाज घोगरा येत होता. "एका कोंबडीवर माझा संसार टिकून आहे, असं समजायचं का मी?"

"नॉर्बर्ट," ती माझ्या समोर बसली. "पळताना तू काय ओरडत होतास, आठवतंय तुला?"

"सोड तिला. असंच काहीतरी. दुसरं काय ओरडणार?"

"'बर्निसला सोड' असं नाही म्हणालास."

"मग?"

"'लव्हॉनला सोड' म्हणालास. चार वेळा. माईक चालू होता."

असं मी काहीही म्हणालेलो नव्हतो. हे साफ खोटं होतं, हा गावाचा कट होता, आणि मी ते तिला चांगलं ठणकावून सांगणार होतो. मी उभा राहिलो, टेबलावर मूठ ठेवली, तोंड उघडलं. पण घसा पुरता बसला होता, एक अक्षर बाहेर पडेना. लव्हॉन माझ्याकडे बघत थांबली होती. मी पुन्हा प्रयत्न केला. मग मी खाली बसलो, आणि तिनं माझा सोललेला तळहात उलटा करून त्यालाही तेच कोंबडीचं मलम लावलं.